अर्थिंग

चिखलीच्या हँगरमध्ये पहिल्याच दिवशी
आवेलिन मास्तरांनी मला पाना दिला नाही.
दिला घासकागद, आणि हिरवी चढलेली तांब्याची एक पट्टी.
"लाल दिसेपर्यंत घास."
पलीकडून झुआरी खारं फुंकत होती,
आणि मी, डिप्लोमाचं सर्टिफिकेट पिशवीत,
दोन तास पट्टी घासत बसले.

डबा उघडताना विचारलं, ही कसली?
"अर्थची."
विमानाला अर्थ? जमीन तर खालीच राहते ना?
ते हसले. खारीवाड्यावर तीस वर्षं
ट्रॉलरांचं वायरिंग केलेला माणूस,
हा प्रश्न त्यांना पाण्यावरही कुणी विचारला असणार.
"घराचा अर्थ अंगणात पुरतात, बाय.
ह्याला अंगण नाही. म्हणून ह्याचं अंगच अर्थ.
दिव्याकडे जाताना वीज तारेतून जाते,
परतताना ह्या पत्र्यातून, रिव्हेटांवरून,
भिंतीभिंतीनं,
जशी तू रात्री उशिरा घरात शिरतेस."

मग मास्टर स्विच. पुढे कुठेतरी 'टक्'.
"स्विच नुसतं बोट दाखवतो.
दार उघडतो तो कॉन्टॅक्टर, बॅटरीशेजारचा."
पॅनेलमागे काहीतरी कण्हत जागं झालं,
सुई चोवीसवर येऊन थरथरली.
इंजिन लागल्यावर अठ्ठावीस:
अल्टरनेटर पट्ट्यावर फिरतो, सगळ्यांना पोसतो,
बॅटरीलाही. पण सुरुवातीला
तिच्याकडूनच चिमूटभर मागून घेतो,
विरजणासारखं.

ब्रेकरांची काळी रांग. डोक्यांवर आकडे,
पाच, दहा, पंधरा,
ज्याची सोसायची जेवढी ताकद.
त्यापुढे गेलं की उडी मारून बाहेर.
"एकदा आत ढकल. दुसऱ्यांदा नाही.
दुसऱ्यांदा तो खरं बोलत असतो."

मार्चमधली संध्याकाळ.
नोएमिया काब द रामवरून परतत होती, एकटीच,
हातात जेमतेम चाळीस तास.
हँगरमधल्या सेटवर तिचा आवाज:
लाल दिवा लागलाय, सुई उणेत गेलीय.
मग एकेक गोष्ट तिनं विझवली असणार.
लँडिंग लाइट. पंखांवरचे दिवे. दुसरा रेडिओ.
आम्हाला फक्त खरखर पातळ होत गेलेली कळली,
आणि शेवटी:
"इंजिन ठीक आहे. मी गप्प होतेय."

मी मास्तरांकडे पाहिलं.
ते आभाळाकडेही बघत नव्हते,
कान देऊन होते.
"मॅग्नेटो," म्हणाले.
"दोन आहेत. बॅटरीला ओळखतही नाहीत.
लोहचुंबक फिरतोय तोवर ठिणगी घरचीच."
थोडं थांबून, स्वतःशीच बोलल्यासारखं,
"त्याला थांबवायला अर्थ लागतो.
चालायला लागत नाही."

टॉवरमधून हिरवा झोत निघाला.
आणि अंधारातून अंधाराचा एक तुकडा,
एकही दिवा नसलेला, फ्लॅप न काढता,
लांब आणि सपाट येत,
टायरांनी एकदाच किंचाळून
बसला.

नोएमिया उतरली, पंखाच्या काठाशी उभी राहिली,
आणि पाणी मागितलं. एवढंच.
मी पुढे धावले तर मास्तरांचा हात आडवा:
"पंख्याला शिवू नको.
स्विच बंद दिसतो म्हणून तार शाबूत आहे असं नाही."

काउलिंग काढलं. जळक्या रबराचा वास.
पट्टा तुटून चाकाखाली सापासारखा पडलेला.
सोमवारी तो मीच आवळला होता. जरा जास्तच.
हे मी सांगेपर्यंत हातातली बॅटरी दोनदा हलली.

मास्तरांनी तुकडा उचलला, अंगठ्यानं चाचपला,
लॉगबुक मागवलं, पान उलटलं.
"इथे खाली सही कुणाची आहे?"
त्यांची होती.
"मग झालं तर," म्हणाले,
आणि नव्या पट्ट्याचा नंबर लिहायला लागले.

घरी जाताना बस चुकली.
बोटांना तांब्याचा वास येत होता अजून,
पहिल्या दिवसासारखा.